सड्यावरचा दवबिंदू आणि तीस फोटोंचा एक फोटो: कोकणात फोकस स्टॅकिंग

ऑगस्ट सरताना रत्नागिरी-राजापूरकडच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारांवर, जिथे कातळ पाझरत असतो, तिथे पातळ मातीच्या थरात दवबिंदू ही किडे खाणारी छोटी वनस्पती उगवते. ड्रॉसेरा बर्मानी या जातीच्या पानांची चकती जेमतेम रुपयाच्या नाण्याएवढी असते. पानावर केसासारख्या ग्रंथी आणि प्रत्येकीच्या टोकाला एक चिकट थेंब. मॅक्रो लेन्स लावून जवळ गेलात की चार-पाच थेंब लख्ख दिसतात आणि बाकीचे सगळे लाल-हिरव्या धुक्यात जाते. अ‍ॅपर्चर एफ/२२ पर्यंत बंद केले, म्हणजे लेन्समधले छिद्र अगदी लहान केले, तर धुके कमी होते, पण मग लख्ख असे काहीच उरत नाही.

यावरचा उपाय म्हणजे फोकस स्टॅकिंग: फोकस थोडा-थोडा पुढे सरकवत अनेक फोटो काढायचे आणि प्रत्येकातला स्पष्ट भाग घेऊन एक फोटो जुळवायचा. जुळवणी सॉफ्टवेअर करते आणि ती आता फार अवघड राहिलेली नाही. स्टॅक बिघडतो तो बहुतेक वेळा फोटो काढतानाच, आणि त्याची मुख्य कारणे दोन: दोन फोटोंमधली पायरी (फोकस सरकवायचे अंतर) मोठी पडली किंवा विषय हलला. या लेखात जास्त जागा पायरीला आणि वाऱ्याला दिली आहे ती त्यामुळेच.

पायरी किती ठेवायची

आधी आपण किती पट मोठे काढतो आहोत ते मोजा. एक स्टीलची फूटपट्टी लेन्ससमोर आडवी धरून फोटो घ्या. एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ मिमी रुंद असतो (कॅननचा २२.३ मिमी) आणि फुल फ्रेम ३६ मिमी. एपीएस-सीच्या चौकटीत पट्टीचे २३.५ मिमी मावले तर १ पट, १२ मिमीच्या आसपास मावले तर २ पट. लेन्सवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा या मोजमापावर विश्वास ठेवा, विशेषतः ट्यूब (कॅमेरा आणि लेन्स यांमधली पोकळ नळी) किंवा रिव्हर्स रिंग (लेन्स उलटी बसवायची कडी) लावली असेल तेव्हा.

स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची जाडी काढायचा हिशेब असा: २ × एफ-क्रमांक × धूसरतेची मर्यादा × (पट + १), आणि याला पटीच्या वर्गाने भागायचे. धूसरतेची मर्यादा (सेन्सरवरचा जेवढा ठिपका अजून लख्ख मानायचा तेवढा) एपीएस-सीला ०.०२ मिमी आणि फुल फ्रेमला ०.०३ मिमी धरतात. एपीएस-सीवर १ पटीला एफ/५.६ ठेवले तर पट्टा सुमारे ०.४५ मिमी येतो. अर्ध्या पटीला तोच पट्टा १.३ मिमी होतो, आणि २ पटीला एफ/४ वर फक्त ०.१२ मिमी उरतो. शेजारच्या दोन पट्ट्यांचा जवळजवळ तिसरा हिस्सा एकमेकांवर यायला हवा. म्हणून पायरी अर्ध्या पटीला ०.९ मिमी, १ पटीला ०.३ मिमी आणि २ पटीला ०.०८ मिमी ठेवा. मोठा प्रिंट काढायचा असेल तर हे आकडे निम्मे करा. जास्त फोटो निघाले तर फक्त वेळ जातो. कमी पडले तर मधली फट कोणतेही सॉफ्टवेअर भरून काढत नाही.

म्हणजे ६ मिमी खोलीचे फूल १ पटीला काढायचे तर २० फोटो. पुढे-मागे दोन-तीन जादा धरून २५.

सूत्रावर भरवसा नसेल तर फूटपट्टी ४५ अंशांत कलती ठेवून एक फोटो काढा, संगणकावर पूर्ण आकारात बघा आणि किती मिलीमीटर खरोखर लख्ख आहेत ते मोजा. त्याला ०.७ ने गुणले की तुमच्या लेन्सचा खरा पट्टा मिळतो. एकदा हे करून आकडे कागदावर लिहून कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवा. सड्यावर उभे राहून गणित करायला कुणालाच सवड नसते.

एफ/१६ का नको

मॅक्रोमध्ये लेन्स जितकी जवळ नेऊ तितका प्रत्यक्ष एफ-क्रमांक वाढतो: लिहिलेला आकडा गुणिले (पट + १). १ पटीला एफ/५.६ म्हणजे प्रत्यक्षात एफ/११, आणि एफ/१६ म्हणजे एफ/३२. एफ/३२ ला विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) एका बिंदूची चकती सुमारे ०.०४३ मिमीची होते. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी सेन्सरवर ती दहा-अकरा पिक्सेल व्यापते. हा मऊपणा पुढे कितीही शार्पनिंग केले तरी पूर्ण जात नाही. स्टॅकिंगमध्ये खोली फोटोंच्या संख्येतून मिळते, त्यामुळे अ‍ॅपर्चर बंद करायची गरजच नसते. १ पटीला एफ/५.६, २ पटीला एफ/४ हे चांगले आकडे आहेत.

इथे दोन अपवाद. निकॉनच्या मॅक्रो लेन्स निकॉन कॅमेऱ्यावर प्रत्यक्ष एफ-क्रमांकच दाखवतात, त्यामुळे १ पटीला पडद्यावर एफ/१० दिसला तर घाबरू नका. दुसरा अपवाद क्लोज-अप लेन्सचा, म्हणजे मूळ लेन्सच्या तोंडावर चढवायच्या भिंगाचा. रेनॉक्स डीसीआर-२५० टेलीफोटो लेन्सवर चढवली आणि मूळ लेन्स अनंतावर ठेवली, तर एफ-क्रमांक वाढत नाही. तिथे एफ/८ ते एफ/११ खुशाल वापरा.

काय काढायचे

सुरुवात न हलणाऱ्या आणि चपट्या विषयाने करा. जूनच्या पहिल्या पावसानंतर रात्री दिव्यावर वाळवीची पाखरे येतात आणि सकाळी पडवीत त्यांच्या पंखांचा सडा पडलेला असतो. पारदर्शक, शिरा असलेला, खोली जवळजवळ नाही, आणि हवे तितके. सरावाला याहून चांगला विषय नाही. त्यानंतर जुलैत चिऱ्यांच्या गडग्यावर (कुंपणाच्या बुटक्या भिंतीवर) उगवलेले मॉस घ्या. त्याच्या देठावरच्या बीजाणूंच्या कुप्या काही मिलीमीटरच्या असतात आणि गडगा काही हलत नाही.

सड्यावर गेल्यावर देठ बघून विषय निवडा. सीतेची आसवे जांभळी, मोहक, पण त्यांचा देठ दोऱ्यासारखा. तुमच्या श्वासानेही फूल डोलते. आधार दिल्याशिवाय त्यांचा स्टॅक जवळजवळ अशक्य आहे. त्यांच्याच शेजारी उभा असलेला गेंद ताठ असतो, त्याचे पांढरे बोंड काही मिलीमीटरचे, आणि जवळून पाहिले तर त्यात बारीक-बारीक फुलांची दाटी दिसते. पहिल्या दिवशी गेंद काढा. दवबिंदू तर जमिनीला चिकटलेलाच असतो. त्याची चकती काढताना कॅमेरा बरोबर वरून, सेन्सर चकतीला समांतर ठेवा. बाजूने काढल्यास १५ मिमी खोली पार करावी लागते, वरून काढल्यास तीन-चार मिमी. पन्नास फोटोंचे काम पंधरात होते.

मुंगी, उडी मारणारा कोळी, आंब्याच्या मोहरावरचे तुडतुडे यांचे स्टॅक हातात कॅमेरा धरून होतात. त्याबद्दल पुढे. किडा मारून, फ्रिजमध्ये गारठवून किंवा डिंकाने चिकटवून फोटो काढण्याची सवय मात्र लावून घेऊ नका. पहाटे दवाने भिजलेले चतुर आणि फुलपाखरे आपणहून स्थिर बसलेली असतात. थोडे लवकर उठले की झाले.

सामान

९० ते १०५ मिमीची मॅक्रो लेन्स सर्वांत सोयीची, कारण विषयापासून अंतर मिळते आणि उजेड अडत नाही. ती नसेल तर ५० मिमी लेन्सला ५० मिमीच्या ट्यूब लावून १ पट मिळते. टेलीफोटो झूम असेल तर डीसीआर-२५० घ्या. तिची नाभीय लांबी १२५ मिमी आहे, म्हणून २५० मिमीवर बरोबर २ पट मिळते. कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ उलटी लावायची तर रिव्हर्स रिंग पुरते. झूम १८ कडे नेल्यावर पट वाढते. मात्र अ‍ॅपर्चर कॅमेऱ्याच्या ताब्यात राहत नाही, म्हणून अ‍ॅपर्चरची कडी असलेली जुनी लेन्स या कामाला जास्त बरी.

फोकसिंग रेल (कॅमेरा स्क्रूने थोडा-थोडा सरकवणारी पट्टी) साधी, हाताने फिरवायची असली तरी चालते, पण तिची मोजणी स्वतः करा. मूठ दहा फेरे फिरवा, रेल किती मिलीमीटर सरकली ते पट्टीने बघा आणि दहाने भागा. एका फेऱ्याला १ मिमी येत असेल तर ०.३ मिमी म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून थोडा कमी फेरा. मुठीच्या कडेला पांढऱ्या रंगाचे ठिपके करून ठेवा. रेल नेहमी एकाच दिशेने फिरवा. मागे-पुढे केले की स्क्रूच्या सैलपणामुळे पहिला अर्धा फेरा वाया जातो आणि पायरी चुकते.

रेल की कॅमेऱ्यातले फोकस ब्रॅकेटिंग (कॅमेरा आपणहून फोकस सरकवत फोटो काढतो ती सोय)? १ पटीपर्यंत कॅमेऱ्यातलेच वापरा, त्याहून वर रेल. निकॉनमध्ये याला फोकस शिफ्ट शूटिंग म्हणतात, कॅननमध्ये आणि ऑलिंपसमध्ये फोकस ब्रॅकेटिंग. तिघांतही पायरी १ ते १० अशी असते आणि ती मिलीमीटरमध्ये नसते. कलत्या पट्टीवर ३ आणि ५ लावून बघा, कोणत्या आकड्याला पट्टे नीट एकमेकांवर येतात ते लिहून ठेवा.

जमिनीलगतच्या विषयाला ट्रायपॉड अडचणीचा होतो. लाकडी पाटाला भोक पाडून त्यावर बॉल हेड बसवा. कातळावर पाट डगमगत नाही आणि चिखलात रुतत नाही. खाली तांदूळ भरलेली कापडी पिशवी ठेवली की उतारही साधतो.

वारा

कोकणात स्टॅकचे वेळापत्रक वारा ठरवतो. पावसाळा सरल्यावर रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात आणि दिवस तापला की समुद्राकडून खारे वारे सुरू होतात. या दोहोंच्या मधला, उजाडल्यापासून साधारण नऊपर्यंतचा वेळ सर्वांत शांत असतो. डिसेंबर-जानेवारीत मोहर काढायचा तर याच वेळेत. ऑगस्ट-सप्टेंबरात सड्यावर नैर्ऋत्येचा वारा दिवसभर असतो. सरीनंतर उघडीप पडते तेव्हा काही मिनिटे हवा थांबते. सगळी मांडणी आधीच करून त्या मिनिटांची वाट बघा.

१ पटीला पान १ मिमी हलले तर सेन्सरवरही ते १ मिमी हलते. म्हणून देठाला आधार द्या: जाड तारेच्या टोकाला कपड्याचा चिमटा बांधा, तार जमिनीत किंवा कातळाच्या फटीत रोवा आणि चिमट्यात स्पंज घालून देठ फुलाच्या थोडा खाली हलकेच धरा. वाऱ्याच्या बाजूला छत्री उघडून ठेवा. काळी छत्री उजेड खाते. पारदर्शक असेल तर उत्तम.

आडवे होण्याआधी आजूबाजूचे दगड आणि गवत काठीने तपासा. सड्यावर फुरसे असते आणि त्याचा रंग कातळात मिसळून जातो. पाय उघड्या कातळावरच टाका, मातीच्या पातळ थरावर नको. त्या दोन बोटे मातीत पूर्ण वर्षाचे बी असते. आणि आजूबाजूला कातळात कोरलेल्या रेषा दिसल्या तर पाट किंवा ट्रायपॉड तिथून दूर न्या. कोकणातल्या कातळशिल्पांची नावे २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, पण सड्यावर बहुतेक ठिकाणी त्यांना कुंपणसुद्धा नाही.

प्रत्यक्ष फोटो काढताना

१. रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) ठेवा. एक्सपोजर, व्हाइट बॅलन्स, आयएसओ सगळे हाताने ठरवा. आयएसओ १०० ते ४००. एकही गोष्ट ऑटोवर राहिली तर फोटोंचा उजेड बदलतो आणि जुळवणीत पट्टे दिसतात.

२. विषय चौकटीत मावेल त्याहून चारी बाजूंना दहावा हिस्सा जागा सोडा. फोकस सरकताना चित्राचा आकार किंचित बदलतो आणि कडा कापाव्या लागतात.

३. लाइव्ह व्ह्यू मोठा करून सर्वांत पुढचा बिंदू शोधा. दवबिंदूच्या बाबतीत तो थेंबाचा कळस असतो, ग्रंथीचे टोक नाही. तिथून दोन पायऱ्या आणखी कॅमेऱ्याच्या बाजूला येऊन सुरुवात करा.

४. पहिला आणि शेवटचा फोटो पूर्ण धूसर आला पाहिजे. हीच खूण की आपण पूर्ण खोली ओलांडली.

५. इलेक्ट्रॉनिक शटर किंवा २ सेकंदांचा टायमर. रेल फिरवल्यावर हात काढून दोन-तीन सेकंद थांबा.

६. स्टॅक संपल्यावर हाताच्या पंजाचा एक फोटो काढा. संगणकावर एक स्टॅक कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला ते यावरून कळते. ही सवय लावली नाही तर दोनशे सारखेच दिसणारे फोटो वेगळे करताना संध्याकाळ जाते.

फ्लॅश वापरत असाल तर १/१६ किंवा १/३२ ताकदीवर ठेवा. तो लवकर भरतो, आणि त्याची चमक इतकी अल्पकाळ असते की बारीक थरथर गोठते. पण उघडा फ्लॅश ओल्या विषयावर कधीही मारू नका. दवबिंदूच्या प्रत्येक थेंबात फ्लॅशचे प्रतिबिंब पडते. दिवा लहान असेल तर प्रत्येक थेंबात एक जळका पांढरा ठिपका येतो. ट्रेसिंग पेपरची नळी करून विषयाभोवती उभी करा आणि उजेड तिच्या बाहेरून पाडा. थेंबात मग मऊ पांढरी खिडकी दिसते आणि आतला रंगही टिकतो. मॅक्रोत उजेड मऊ करण्याइतका फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही, महागड्या लेन्सनेसुद्धा नाही.

हातात धरून स्टॅक करायचा असेल (आंब्या-काजूवरचे ओंबील म्हणजे लाल मुंग्या, गडग्यावरचा कोळी), तर फोकस हाताने एका जागी ठेवा, मिनिमम अ‍ॅपर्चरचा मोह टाळून १ पटीला एफ/८ घ्या, कोपर गुडघ्यावर किंवा झाडावर टेका आणि बर्स्ट चालू ठेवून शरीर पुढे झुकवा. आठ-बारा फोटो मिळतात. त्यांतले पाच-सहा कामाचे असतात. डोळे आणि जबडा स्पष्ट आले की पुरे, मागचे पोट धूसर राहिले तर बिघडत नाही.

घरच्या टेबलावर वाळू

मुसळधार पावसात बाहेर पडता येत नाही तेव्हा चिमूटभर वाळू काढावी. रत्नागिरीच्या मांडवीची काळी वाळू आणि पांढऱ्या समुद्राची फिकी वाळू शेजारी ठेवल्या तर एकाच गावचे दोन किनारे किती वेगळे आहेत ते दिसते. काळ्या वाळूत इल्मेनाइट या खनिजाचे चकचकीत कण, फिकीत शिंपल्यांचे तुकडे, आणि नशीब असेल तर फोरामिनिफेरा या सूक्ष्म समुद्री जीवांची गोलसर कवचे. वाळू गोड्या पाण्याने चार-पाच वेळा धुवा, नाहीतर मिठाचे स्फटिकच फोटोत येतात. वाळल्यावर चहाच्या गाळणीतून चाळा, काळ्या कार्डावर पसरा आणि ओल्या केलेल्या बारीक ब्रशने हवे ते कण वेगळे करा. मालवणच्या सागरी अभयारण्यातून वाळू-शंख उचलू नका, आणि प्रवाळ किंवा समुद्रपंखा कुठल्याच किनाऱ्यावरून घरी आणू नका; १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण आहे.

इथे सूक्ष्मदर्शकाचे ४ पटीचे, ०.१० एनएचे (न्यूमेरिकल अपर्चर, त्यावरच लिहिलेले असते) ऑब्जेक्टिव्ह उपयोगी पडते. त्यावर १६० लिहिलेले असेल तर त्याच्या खांद्यापासून सेन्सरपर्यंत १५० मिमी अंतर ठेवायचे. कॅनन ईएफ कॅमेऱ्यात लेन्स बसते तिथून सेन्सरपर्यंत ४४ मिमी आधीच असतात, म्हणून ट्यूब साधारण १०६ मिमीची लागते. अनंताचे चिन्ह असलेले ऑब्जेक्टिव्ह असे चालत नाही, त्याला ट्यूब लेन्स लागते. या ऑब्जेक्टिव्हचा स्पष्ट पट्टा ०.०५५ मिमी, म्हणजे पायरी ०.०४ मिमी. हाताच्या रेलने इतके बारीक सरकवणे कष्टाचे आहे. मोटारची रेल किंवा सूक्ष्मदर्शकाच्या खाली-वर होणाऱ्या मंचाची चकती वापरा. माळ्यावरच्या लाकडी जमिनीवर मांडू नका, कुणी चालले तरी चित्र थरथरते. घरच्या विजेवरच्या एलईडीने काढायचे तर व्होल्टेज खाली-वर झाल्यावर फोटोंचा उजेड बदलतो. बॅटरीवरचा दिवा किंवा फ्लॅश बरा.

जुळवणी आणि बिघाड

सगळ्या रॉ फाइलींना एकच सेटिंग लावून १६ बिटची टिफ काढा. २४ मेगापिक्सेलची एक टिफ १४४ एमबी होते, तीस फोटो म्हणजे ४ जीबीहून जास्त. आधी जेपेगवर चाचणी स्टॅक करून बघणे शहाणपणाचे.

जुळवणीच्या सॉफ्टवेअरपैकी हेलिकॉन फोकसमध्ये ए, बी, सी अशा तीन पद्धती आहेत, झिरीनमध्ये पीमॅक्स आणि डीमॅप. केस, काटे, एकमेकांवरून जाणाऱ्या ग्रंथी असतील तर सी किंवा पीमॅक्स. शिंपला, पंख, पान असा सलग पृष्ठभाग असेल तर बी किंवा डीमॅप. त्यात रंग आणि पोत मूळच्या जवळ राहतात. दवबिंदूला दोन्ही लागतात: पीमॅक्सवर ग्रंथी, डीमॅपवर पान, आणि मग रीटचच्या ब्रशने एकातून दुसऱ्यात. फुकटात करायचे तर हगिन या मोफत सॉफ्टवेअरसोबत येणारी जुळवणीची आणि एन्फ्यूजची साधने आहेत. एन्फ्यूजमध्ये एक्सपोजर आणि सॅच्युरेशनचे वजन ०, कॉन्ट्रास्टचे १, आणि हार्ड मास्क चालू ठेवा. फोटोशॉपमध्ये फोटो थर म्हणून उघडून ऑटो-अलाइन आणि मग ऑटो-ब्लेंड. वीस फोटोंपर्यंत ठीक, त्यापुढे ते हळू चालते.

तयार चित्रात स्पष्ट-धूसर-स्पष्ट असे पट्टे दिसले तर पायरी मोठी झाली आहे; पुन्हा काढण्याला पर्याय नाही. एकाच ग्रंथीच्या दोन-तीन सावल्या दिसल्या तर ती फोटोंदरम्यान हलली. हललेले फोटो काढून टाकून उरलेल्यांचा स्टॅक करा, मधे फट राहत नसेल तर जमते. पुढच्या थेंबाभोवती धुरकट वलय असेल तर ते उघड्या अ‍ॅपर्चरवर पुढच्या वस्तूने मागची झाकल्यामुळे येते. मागच्या पानाच्या स्पष्ट फोटोतून ब्रशने तो भाग भरून घ्या. फिक्या पार्श्वभूमीवर बारीक रेघा, सगळ्या मध्याकडे रोख असलेल्या, दिसल्या तर सेन्सरवर धूळ आहे. जुळवणीत प्रत्येक फोटोचा आकार बदलतो, त्यामुळे एका कणाची रेघ होते.

ही धूळ कोकणात बहुतेक वेळा मिठाची असते. किनाऱ्यावर लेन्स बदलू नका. घरी आल्यावर रेलचा स्क्रू गोड्या पाण्याने ओल्या केलेल्या फडक्याने पुसा, कोरडा करा, शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब द्या. एसी गाडीतून उतरल्यावर बॅग वीस मिनिटे बंदच ठेवा, नाहीतर थंड काचेवर बाहेरची दमट हवा बसते. जून ते सप्टेंबर लेन्स हवाबंद डब्यात, रंग बदलणाऱ्या सिलिका जेलबरोबर ठेवा आणि आत आर्द्रता मोजायचे छोटे यंत्र ठेवून आकडा ४० ते ५० टक्क्यांत राहील असे बघा. जेलचा रंग उतरला की तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येते. चामड्याच्या पाकिटात लेन्स ठेवू नका. काचेवरच्या बुरशीची सुरुवात अनेकदा तिथूनच होते.